कागद तपासून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नोकरीसाठी नेदरलँड्सला निघालेल्या आम्हा मराठी मंडळींचे कागद तुम्ही एक पैसा न घेता तपासता, आणि नावही कुठे छापू देत नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हायली स्किल्ड मायग्रंट की जीव्हीव्हीए?" निम्मा घोळ तिथेच मिटतो. पहिल्या प्रकारात, म्हणजे उच्चकुशल नोकरदारांच्या परवान्यात, कंपनी आयएनडीची (तिथल्या इमिग्रेशन खात्याची) मान्यताप्राप्त हवी आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर. जीव्हीव्हीए म्हणजे 2014 पासूनचा काम आणि वास्तव्याचा एकत्रित परवाना. तिथे अर्ज आयएनडीकडे जातो, पण युरोपात त्या कामाला माणूस मिळतो का, यावर यूडब्ल्यूव्हीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोजगार संस्थेचा, सल्ला घेतला जातो. बहुतेक नोकऱ्यांची जागा अर्जाआधी किमान 5 आठवडे यूडब्ल्यूव्हीकडे नोंदवलेली असावी लागते. घाईत तिसऱ्या आठवड्यात अर्ज टाकला की उमेदवार कितीही लायक असो, नकार येतो. निर्णयाला 90 दिवस. कागद अपुरे निघाले तर मोजणी थांबते.

पण खरे आभार नावांसाठी. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये बसलेलं, करारात मात्र नुसतं नाव-आडनाव. "पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर," हे तुम्ही कंपनीच्या एचआरलाही पटवता. जन्मदाखल्याचंही तसंच. नोकरीच्या अर्जाला तो लागत नाही म्हणून सगळे विसरतात, आणि तिथल्या नगरपालिकेत नोंदणीला गेलं की मागतात. जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो! तो आधी गावच्या नोंदणी कार्यालयातून भरून घ्यायचा, मराठी-इंग्रजी प्रत काढायची, मग अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण). इंग्रजी असली की डच भाषांतराचा खर्च वाचतो. जोडीदार सोबत असेल तर विवाहदाखल्यालाही अपोस्टिल, आणि तो मात्र आयएनडीलाच लागतो.

एमव्हीव्हीचा (प्रवेशव्हिसाचा) शिक्का 90 दिवसांचा, पोहोचल्यावर क्षयरोगाची तपासणी 3 महिन्यांत, आरोग्यविमा 4 महिन्यांत (या मुदतीत उशिरा घेतला तरी हप्ता मागच्या तारखेपासूनच भरावा लागतो), हे तुम्ही तारखा घालून लिहून देता.

जीव्हीव्हीएच्या वास्तव्य-कार्डासोबतच्या जोडकागदावर मालकाचं नाव असतं, हे तर कुणी वाचतच नाही. या परवान्यावर नोकरी बदलायची तर नव्या मालकाचा नवा अर्ज; तो मंजूर होईस्तोवर राजीनामा खिशात ठेवा, असं तुम्ही बजावलंत. त्या एका वाक्यासाठी वेगळे आभार.

आपले,
तुमच्याकडून फायली तपासून घेतलेले सगळे