पुराच्या दिवसांत गल्ला रिकामा

विश्रामबाग, सांगली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारले, "गावभर लोक तुझे स्थानिक बातम्यांचे ॲप बघतात, मग पैसा कुठे अडतो?" तेव्हा मी विषय बदलला, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की 2019 चा महापूर अनुभवलेले हे शहर रात्रभर जागे असते आणि कोयनेतून किती विसर्ग सोडला, हे पाहायला पुन्हा पुन्हा आमचे ॲप उघडते. वर्षातील सर्वाधिक वाचक आम्हाला त्याच दिवसांत मिळतात आणि कमाईही तेव्हाच आटते, कारण जाहिरात देणारा दुकानदार त्या वेळी माल माळ्यावर चढवत असतो. सर्व्हरचे बिल मात्र वाढते.

एरवीची अडचण वेगळी आहे. एका गल्लीतील तुंबलेल्या गटाराची बातमी पलीकडच्या गल्लीलाही नको असते. पण ती खात्रीने द्यायची तर तिथे माणूस पाठवावाच लागतो. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने 2009 मध्ये ‘पॅच’ हे गावोगावच्या बातम्या देणारे संकेतस्थळ विकत घेतले आणि पुढे सुमारे 900 गावांपर्यंत ते पसरवले. जाहिरातींतून खर्च निघेना, तेव्हा 2014 मध्ये त्यातील मोठा हिस्सा विकला. गूगलनेही 2018 मध्ये मुंबईत शेजाऱ्यांनी एकमेकांना परिसराची माहिती विचारावी म्हणून ‘नेबर्ली’ ॲप सुरू केले आणि 2020 मध्ये बंद केले. मोठा गुंतवणूकदार मिळाला की सारे सुटेल, असे दादाला वाटते. त्याला एवढे वाचून दाखवा.

रोख पैसा आहे तो पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांत. पहिल्या वर्षी मी सकाळी एकाचा हसरा फोटो लावला आणि संध्याकाळी त्याच्याच प्रभागातील खड्डे दाखवले. पुढच्या तीन जाहिराती गेल्या. आता त्या मी घेतच नाही. आई, तुला हे पटेल, बाबांचे सांगता येत नाही.

वर्गणी मागितली की लोक म्हणतात, व्हॉट्सॲपवर सगळे फुकट येते. तिथे फिरत असतो तो बहुधा आमच्याच बातमीचा स्क्रीनशॉट! हळदीच्या सौद्यांचे भाव रोज कळावेत म्हणून काही शेतकरी मात्र न कुरकुरता पैसे भरतात. त्यामुळे बातम्या सर्वांना मोफत ठेवून बाजारभाव आणि भाड्याच्या खोल्यांच्या छोट्या जाहिराती यांवर खर्च भागवावा, असे मी ठरवले आहे.

राहिली उधारी. गणपती पेठेतील काही व्यापारी जाहिरातीचे पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणत वर्षभर थांबवतात. बाबा, तुम्ही त्याच पेठेत तीस वर्षे दुकान चालवलेत. दिवाळीआधी साताऱ्याहून चार दिवस या आणि वसुलीला माझ्याबरोबर चला. तुम्हाला पाहून त्यांना टाळाटाळ करणे जड जाईल.

तुमची धाकटी