व्हीटी१०० भंगारात देण्यापूर्वी

संपादक महोदय,

महाविद्यालयांची, कार्यालयांची अडगळ निघते तेव्हा जुनी टर्मिनल ‘बंद संगणक’ म्हणून किलोवर विकली जातात. त्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७८ सालचे व्हीटी१०० असेल तर कृपया थांबा. दूरच्या संगणकाची अक्षरे दाखवणारे हे यंत्र आजच्या लिनक्स प्रणालीच्या संगणकालाही जोडता येते. एस्केप, उघडा चौकटी कंस, २ आणि मोठा जे ही अक्षरे पाठवली की त्याचा पडदा पुसला जातो. लिनक्सची टर्मिनल खिडकीही हीच आज्ञा पाळते.

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र थेट चालू करू नये. आधी मागचा विद्युतदाबाचा खटका २३० व्होल्टवर आहे याची खात्री करावी; ११५ वर असेल तर यंत्रातला वीजपुरवठ्याचा भाग जळतो. त्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) तपासून घ्यावेत. पेटी उघडायची तर जाणकारानेच, कारण बंद केल्यावरही चित्रनळीत जीवघेणा विद्युतदाब उरतो. काचेवर बुरशीसारखे डाग दिसले तर नळी गेली असे समजू नका. बहुधा पुढच्या संरक्षक काचेमागचा गोंद खराब झालेला असतो.

जोडणीला तीन तारा पुरतात: संगणकाकडच्या (किंवा त्याला लावलेल्या यूएसबी अडॅप्टरच्या) ९ पिनी सिरियल जोडणीच्या २, ३, ५ या पिना टर्मिनलच्या २५ पिनी जोडणीच्या अनुक्रमे २, ३, ७ ला. सेट-अप कळ दाबून ५ ने दुसऱ्या पानावर जावे, ७ आणि ८ ने पाठवण्याचा व घेण्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट करावा, शिफ्ट-एसने जतन करावे.

मजकुरात मध्येच चौकटीदार ठिपके दिसले तर वेग किंवा पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) जुळत नसते, नाहीतर आलेली अक्षरे तात्पुरती ठेवणारा टर्मिनलचा ६४ अक्षरांचा साठा भरून वाहत असतो. साठा भरत आला की टर्मिनल ‘एक्सऑफ’ हा थांबण्याचा संकेत पाठवते, पण यूएसबी अडॅप्टरच्या साठ्यात आधीच शिरलेली अक्षरे येतच राहतात. ओळी सावकाश सरकवणारा स्मूथ स्क्रोल चालू असेल तर हे हमखास होते. तो बंद करावा, तरीही भागले नाही तर वेग ४८०० वर आणावा.

एका ओळीत १३२ अक्षरे दाखवताना २४ ऐवजी १४च ओळी दिसल्या तरी यंत्र बिघडलेले नाही. त्यात जादा स्मृतीचे ॲडव्हान्स्ड व्हिडिओ कार्ड बसवलेले नाही एवढेच. चित्रनळी गेलेल्या यंत्रातूनही हे कार्ड, कळफलक आणि मुख्य सर्किट बोर्ड काढून ठेवावेत, दुसऱ्या यंत्राला ते कामी येतात.

आपला,
एक वाचक, पुणे