टांगा म्हणजे व्हिक्टोरिया नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला टांग्यांवरचा लेख वाचला. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी चहाआधी हे पत्र लिहायला बसले.

आधी फोटोबद्दल. त्यात दिसतोय तो टांगा. दोन चाकं, एक घोडा, मागची सवारी पाठीला पाठ लावून बसलेली. खाली तुम्ही छापलंत 'व्हिक्टोरिया'. व्हिक्टोरियाला चार चाकं असतात आणि ती मुंबईची. तेवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण लेखकांनी त्या नावाच्या आधारानं २०१५ सालचा उच्च न्यायालयाचा निकालही आमच्या सोलापूरच्या टांग्यांना चिकटवला. तो निकाल मुंबईत हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या घोडागाड्या बंद करण्याचा होता. सोलापुरात १८६० साली रेल्वे आली. त्या स्टेशनावरून लोकांच्या ट्रंका, वळकट्या आणि माहेरी आलेल्या बाळंतिणी पिढ्यान्‌पिढ्या टांग्यानं घरी पोचवल्या. ती हौस नव्हती.

आणि मग ते वाक्य : तबेले म्हणजे उकिरडे, घोडी अर्धपोटी, व्यापारी लबाड. हे मला फार लागलं. मी तबेल्यात वाढले आहे.

आमच्या आजोबांकडे बारा घोडी आणि नऊ टांगे होते. टांगे दिवसाच्या भाड्यानं चालवायला द्यायचे, आणि बाहेरच्या लोकांची दोन-तीन जनावरं महिन्याच्या ठरावावर सांभाळायला असायची. घोडी बारा आणि टांगे नऊच का, याचा लेखकांनी विचार करावा. रोज तिघांना विसावा मिळावा म्हणून. मे महिन्यात बारा ते चार एकही घोडं जुंपलं जात नसे, भाडं बुडालं तरी. रात्री हरभरा भिजत घालायचा, पहाटे कोंड्यात कालवून तोबरे, म्हणजे चंदीच्या पिशव्या, तोंडाला बांधायचे, मग कडबा. खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, झाल्याशिवाय कुणाच्या पाठीवर साज चढत नसे. नालबंद चाचा महिना-सव्वा महिन्यानं येऊन खूर तासायचे, नाल बदलायचे. मी डोळे मिटून घ्यायची तेव्हा सांगायचे, "बेटी, नख कापल्यावर तुला दुखतं का?" राहिली लीद. ती दुपारपर्यंत कुंभार उचलून न्यायचे, मातीत मिसळायला त्यांना ती लागायचीच. उकिरडा व्हायला मागं काही उरतच नव्हतं.

आता लबाडी. बाजारात लबाड होते, मी नाही म्हणत नाही. वय लपवायला म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर कानस फिरवणारे, मरगळलेलं जनावर उड्या मारावं म्हणून शेपटीखाली आलं चोळणारे. पण त्यांना ओळखणारेही तिथंच उभे असत. घोडं पाच वर्षांचं झालं की तोंड पुरं होतं, म्हणजे पक्के दात सगळे येतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी रेघ उमटते, विसाव्या वर्षापर्यंत ती टोकाला पोचते. दात घासले तरी डोळ्यांवरचे खळगे वय सांगतात. आजोबा हे सगळं गिऱ्हाइकाला दाखवून द्यायचे, घोडं दुसऱ्याचं असलं तरी. त्यामुळं दोन दलाल त्यांच्याशी बोलत नसत.

चांदणीची गोष्ट सांगते. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. रेल्वेची शिट्टी तिला चालायची, पण मिलचा भोंगा झाला की ती मागच्या पायांवर उभी राहायची. ज्या गावात १८७७ पासून गिरणी आहे, तिथं असं घोडं टांग्याला कसं ठेवणार? मी नऊ वर्षांची होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या, जनावरांच्या बाजारात आजोबा तिला घेऊन गेले, मीही रडत मागं गेले. मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी आले. गुपचूप भाव ठरवायला टॉवेलाखाली हात गेले, बोटं दाबली गेली, सौदा ठरला. तेवढ्यात आजोबांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "थांबा. हिला भोंगा सोसत नाही."

पाहुणे हसले. "आमच्याकडं कुठली मिल आली ओ आप्पा?"

"तुमच्याकडं नाही. पण ज्वारी घेऊन सोलापूरला याल तेव्हा हिलाच जुंपाल. लेकरं असतील गाडीत." आणि ठरलेल्या किमतीतून आजोबांनी स्वतःहून पन्नास रुपये कमी केले. त्या काळचे पन्नास!

पुढच्या गड्ड्याला तेच पाहुणे एसटीनं आले. हातात हुरड्याची पिशवी. मी विचारलं, चांदणी कुठंय? म्हणाले, "घरीच ठेवली बाई. हितं भोंगा हाय न्हवं. शिंगरू झालंय तिला." माझ्या आजोबांना लबाड म्हणण्याआधी लेखकांनी त्या काळातल्या एखाद्या गिऱ्हाइकाला तरी विचारायला हवं होतं.

आणखी एक. लेखात म्हटलंय तशी ती 'अरबी' घोडी नव्हती. बहुतेक भीमथडीची तट्टं होती, आपल्याच भीमेच्या काठची. दिसायला लहान, चिवट, कडब्यावर निभावणारी. मराठ्यांच्या फौजा याच घोड्यांवर दौडल्या. आता सरकारदरबारी ती स्वतंत्र जात म्हणून नोंदलीही गेली आहे. सोलापूरच्या वर्तमानपत्रानं तरी त्यांना परकं करू नये.

जाता जाता, मागं मी चौकातल्या जनावरांच्या दगडी हौदाबद्दल पत्र लिहिलं होतं. तुम्ही ते छापलंत, पण चौकाचं नाव असलेली ओळच कापलीत. आठवडाभर लोक मला विचारत होते, कुठला हौद? या पत्रातून काही कापायचंच असेल तर चांदणीचा मजकूर ठेवा, बाकीचं कापा.

आणि फोटो पुन्हा छापा. तसाच, तेवढाच. खाली फक्त 'टांगा' लिहा.

आपली,
टांगेवाल्या आप्पांची नात
तुळजापूर वेस, सोलापूर