सोमवारपासून: सकाळची सुरुवात आणि संध्याकाळची आवराआवर

घरून काम करणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

लॅपटॉप मिटला तरी काम डोक्यातून जात नाही, असं मागच्या बैठकीत बहुतेकांनी सांगितलं. म्हणून येत्या सोमवारपासून चार आठवडे कामाच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट आपण एकत्र करणार आहोत. व्हिडिओ कॉलची लिंक रोज ९ वाजता गटावर येईल, दोन्ही वेळांना तीच.

सकाळी ९.१५ ते ९.३०
फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. आजची फक्त तीन कामं वहीत लिहायची, अवघड काम सर्वांत वर. तोवर ईमेल उघडू नका, ही कळकळीची विनंती. एकदा उघडली की सकाळ दुसऱ्यांच्या कामात जाते.

संध्याकाळी ५.४५ ते ६
माझ्या मते हाच भाग जास्त महत्त्वाचा. अर्धवट राहिलेली कामं मनात घोळत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. उरलेलं काम कधी आणि कुठून सुरू करायचं हे ठरवलं की ते घोळणं कमी होतं. त्यामुळे नुसतं ‘अहवाल’ असं लिहू नका. ‘उद्या १० वाजता, पान ४ वरच्या तक्त्यातले आकडे तपासणे’ असं लिहा. मग सगळे टॅब बंद, चहाचा कप सिंकमध्ये, लॅपटॉप कपाटात.

६ नंतर गटावर कामाचा मेसेज टाकायचा नाही.

मुलांच्या शाळेमुळे सकाळची वेळ जमत नसेल तर रविवारी दुपारपर्यंत कळवा. चार जण झाले तरी १०.३० ची दुसरी तुकडी करू.