इथला उन्हाळा घरात साचतो

सरे, ब्रिटिश कोलंबिया
१८ मे

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘नागपूरच्या पंचेचाळिशीत जन्म गेला, तुमच्या पस्तिशीला काय भ्यायचं?’ फोनवर नीट सांगणं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही जूनच्या मध्याला येताय आणि आठवड्याचे पाच दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तुम्ही दोघंच घरी असणार. हे पत्र दोघांनीही वाचा आणि येताना बरोबर आणा.

२०२१च्या जूनअखेरीस इथे आठवडाभर उष्णतेची लाट होती. व्हँकुव्हरच्या ईशान्येला डोंगरातल्या लिटन गावात २९ जूनला पारा ४९.६वर गेला. त्याआधी संपूर्ण कॅनडाचा उच्चांक ४५ होता, तोही १९३७ सालचा. प्रांताच्या कॉरोनर कार्यालयाने (अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणारं सरकारी खातं) नंतर एकेक मृत्यू तपासला. उष्णतेने गेलेली माणसं निघाली ६१९, आणि त्यातली ९८ टक्के घराच्या आत गेली. दोन तृतीयांश सत्तरी गाठलेली होती, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. आपल्याकडे ऊन लागतं ते शेतात, रस्त्यावर, बांधकामावर. इथे ते खुर्चीत बसल्या बसल्या आणि बिछान्यात लागलं. म्हणून ‘दुपारी बाहेर पडू नका’ ही आपली शिकवण इथे अर्धीच कामाला येते. आत बसून राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं इथे धरून चालू नका.

कारण घराच्या बांधणीत आहे. भिंतींना लाकडी सांगाडा, मधल्या चौदा सेंटिमीटर पोकळीत काचतंतूंची लोकर, आतून जिप्समचा पातळ बोर्ड. हिवाळ्याची ऊब धरून ठेवायला ही रचना उत्तम आहे. पण उन्हाळ्यात ऊन भिंतीतून येतच नाही, काचेतून सरळ आत येतं, जमीन आणि सोफा तापवतं, आणि मग ती उष्णता त्याच लोकरीमुळे बाहेर जात नाही. आजोबांच्या घरची दोन फुटी मातीची भिंत दिवसभर उष्णता पिऊन घ्यायची. इथल्या बोर्डाला ती ताकदच नाही. वर काळपट डांबरी कौलं. छताला पंखा नाही. खिडकी सरकवून अर्धीच उघडते. आणि जूनच्या शेवटी सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी. दुपारी तीनपासून नऊपर्यंत तो पश्चिमेला खाली खाली येत खिडकीवर समोरून पडतो, त्याला सज्जा अडवू शकत नाही. त्यामुळे घर सर्वांत जास्त तापलेलं असतं ते दुपारी दोनला नव्हे, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान. बाहेर बरं वाटायला लागलेलं असतं आणि आत भट्टी असते.

आपल्या घरात दोन डिजिटल थर्मामीटर लावले आहेत. एक तुमच्या खोलीत, पलंगाच्या वर, एसीच्या झोतापासून लांब. दुसरा उत्तरेच्या भिंतीला बाहेर सावलीत. हवामानाचं ॲप काय सांगतं ते सोडा, कारण ते विमानतळाचं तापमान सांगतं आणि विमानतळ समुद्राकाठी आहे. आतला आकडा वाचायचा. प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राचा हिशेब असा आहे: आत २६पर्यंत काळजी नाही. २६ ते ३१मध्ये बहुतेकांचं निभतं, पण वयस्कर आणि आजारी माणसांनी सावध राहायचं. ३१च्या वर आकडा टिकून राहिला तर अशा माणसांना धोका. तुम्ही दोघंही त्या यादीत येता, हे मान्य करा. ३१ दिसले की ‘बघू थोडा वेळ’ नाही. गार खोलीत जायचं किंवा घर सोडायचं.

खिडक्या घड्याळाकडे पाहून उघडायच्या नाहीत, दोन आकड्यांकडे पाहून उघडायच्या. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की उघडा; बहुधा रात्री साडेनऊ-दहाला येतो. सकाळी बाहेरचा वर चढायला लागला की बंद, साधारण सात-साडेसातला. दिवसभर खिडकी उघडी ठेवून ‘हवा येऊ दे’ म्हणणं ही इथली सगळ्यांत मोठी चूक, कारण ३४ची हवा २७च्या खोलीत आपणच बोलावतो. रात्री वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खिडकीत चौकोनी पंखा तोंड बाहेर करून लावायचा आणि खालची उत्तरेची खिडकी उघडायची. गरम हवा आपोआप वर चढलेली असते. पंखा तिला बाहेर काढतो आणि खालून गार हवा ओढली जाते. पंखा आत तोंड करून लावला तर फक्त खिडकीजवळच्या माणसाला वारा लागतो, घर तसंच राहतं.

आई, पडद्यांबद्दल तू विचारलं होतंस. आतला पडदा ऊन अडवतो तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. मग पडदाच तापून खोली तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर, आपण गॅलरीला हिरवी जाळी बांधतो किंवा वाळ्याचे पडदे सोडतो तसं. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांना बाहेरून जाळी लावण्यासाठी हुक बसवले आहेत, जाळी गॅरेजमधल्या निळ्या डब्यात आहे. काचेला चार बोटं अंतर सोडून बांधायची, म्हणजे मधली हवा खेळती राहते. ॲल्युमिनियमची फॉइल मात्र काचेला आतून चिकटवू नका. या दुहेरी काचा आहेत. एक भाग सावलीत आणि एक भाग तापलेला राहिला की काच तडकू शकते.

आता एसी. तुमच्या खोलीत चाकांचा एसी आहे, भिंतीतला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४,००० बीटीयू (तासाला किती उष्णता ओढतो त्याचं माप) लिहिलेलं असतं, पण ते जुन्या मोजणीचं. खाली बारीक अक्षरात नव्या मोजणीचा आकडा असतो, आपल्या मशीनचा ८,०००. आपल्याकडे एक टन म्हणजे १२,०००, तेव्हा हा पाऊण टनाहूनही कमी. बारा बाय बाराच्या एका खोलीला पुरतो, सगळ्या घराला नाही. म्हणून एकच खोली गार करायची, दार लावून घ्यायचं आणि दोघांनी तिथेच बसायचं.

त्याला एकच नळी आहे, आणि त्याचा स्वभाव समजून घ्या. खोलीतलीच हवा घेऊन तो ती तापवून नळीतून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणार: दाराखालच्या फटीतून, जिन्यावरून. म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांची दारं बंद आणि तळघराच्या जिन्याचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे आत येणारी हवा तळघराची, म्हणजे गार असेल. त्या वेळी बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन बंद, नाहीतर ओढाताण वाढते. नळी हात लावून पाहिलीत तर चांगलीच तापलेली लागते; ती खोलीतली शेगडीच समजा. जितकी आखूड आणि सरळ ठेवाल तितकं बरं. तिच्यावर मी चंदेरी गुंडाळी चढवली आहे, ती काढू नका. खिडकीतल्या पट्टीच्या कडेला फोमची टेप आहे. हात फिरवून पाहा, गरम वारा लागला तर टेप सुटलेली आहे.

एसी सकाळी दहाला, खोली २५ असतानाच लावायचा. संध्याकाळी पाचला ३०वर लावलात तर तो भिंती, गादी, कपाट यांतली उष्णता काढत बसेल आणि हवा गार व्हायला रात्र होईल. आकडा २४ किंवा २५ ठेवा. १८ केल्याने लवकर गार होत नाही.

वीज इथे १२० व्होल्टची. हा एसी बाराशे-तेराशे वॅट घेतो, म्हणजे दहा अँपियरच्या वर, आणि खोलीचं सर्किट पंधरा अँपियरचं. त्याच खोलीत केटल किंवा इस्त्री लावली की ब्रेकर पडणार. पडला तर तळघरातल्या पेटीत बटण आधी पूर्ण ऑफकडे ढकला, मग ऑनकडे. मधोमध अडकलेलं बटण नुसतं ऑनकडे ढकलून लागत नाही. एक्स्टेन्शन वायर अजिबात वापरायची नाही, पातळ वायर तापून जळते. दिवसातून एकदा प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करून मला फोन. पाणी भरल्याचा दिवा लागून मशीन थांबलं तर मागचं खालचं बूच काढून चपट्या ट्रेमध्ये पाणी सोडा. बूच परत घट्ट बसवा, नाहीतर कार्पेट भिजतं.

कूलर का घेतला नाही, असं बाबांनी विचारलं. नागपूरच्या मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत, आणि आपण खिडकी उघडी ठेवून कूलर लावतो. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात नुसती वाफ होते आणि घाम सुकत नाही. पंख्याचंही असंच. पंखा हवा गार करत नाही, घाम सुकवतो. हवा ३५च्या वर गेली आणि अंग कोरडं असलं तर तो गरम वाराच मारतो, आणि वय वाढलं की घाम मुळातच कमी येतो. तेव्हा पंख्यासमोर बसायचं तर अंग ओलं करून: पंचा भिजवून पिळून मानेवर आणि खांद्यावर, बनियन ओली, पाय गार पाण्याच्या बादलीत. दर अर्ध्या तासाने पंचा पुन्हा भिजवायचा. बाबा, खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याने अंगातली उष्णता उतरत नाही. ओल्या पंच्याने उतरते.

पन्ह्याला कैरी इथे मिळते, आपल्या दुकानांत. ताकही आहेच. जुलाब किंवा खूप घाम होऊन गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा मीठ जास्त नको. दुपारी ओव्हन आणि कुकर नको. पोळ्या सकाळी सातच्या आत करून ठेव, आई.

बाबांच्या रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे. अशा गोळ्यांनी उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी हृदयाचा वेग वाढत नाही. स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. निघण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: कडक उन्हाळ्यात डोस बदलायचा का, आणि पाणी किती प्यायचं. उत्तर कागदावर लिहून घ्या.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, घाम आणि थकवा, एवढं असेल तर गार खोलीत आडवं व्हा आणि घोट घोट पाणी प्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, किंवा हाक मारून नीट ओ देईना, तर तो उष्माघात. तेव्हा ९-१-१. आधी ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणा, मग पत्ता. तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावला आहे. इंग्रजी अडलं तर ‘हिंदी’ एवढंच म्हणा, दुभाष्या जोडून देतात. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही: कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, बर्फाच्या पिशव्या मान, काख आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसतं विचारायचं असेल तर ८-१-१वर नर्स बोलतात.

पलीकडच्या घरात पंजाबी आजी एकट्या राहतात. आई, तुझं हिंदी त्यांना कळतं. कडक दिवस असेल तेव्हा दोनदा त्यांच्याकडे जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी सातनंतर. फोन करून भागत नाही. उष्णता चढलेला माणूस फोनवर ‘ठीक आहे’च म्हणतो, कारण त्याला स्वतःलाच कळेनासं झालेलं असतं. आत जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर बघ, हात धरून बघ, आज काय जेवल्या ते विचार आणि उत्तर जुळतंय का बघ. ३१ दिसले तर त्यांना आपल्या खोलीत घेऊन ये, तिथे तिसरी खुर्ची ठेवली आहे.

घरची वीज गेली तर तळघर, आणि तिथेही २८-२९ झालं तर सरे सेंट्रल स्टेशनजवळची सिटी सेंटर लायब्ररी. दिवसभर बसा, कुणी उठवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याचा धूर येतो आणि नेमका उकाड्यातच. तेव्हा खिडकी उघडावी की नाही असा पेच पडतो. तुमच्या वयाला उष्णता जास्त घातक, म्हणून आधी गारवा, मग धूर. चौकोनी पंख्याच्या मागे लावायची वीस बाय वीस इंची गाळणी आणून ठेवली आहे.

येताना दोन सुती पंचे, पाव किलो सब्जा, बाबांच्या गोळ्यांची नावं आणि डोस इंग्रजीत लिहिलेला कागद आणि डॉक्टरांचं उत्तर एवढं हातातल्या बॅगेत ठेवा. बाकी काही आणू नका.

तुमची,
ताई