काका, फ्रेडरिक्सबर्गच्या त्या दोन दिवसांबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. आपल्याकडे टेक्ससमध्ये दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतातच. त्यांच्याही उपयोगी पडेल.

बाबा ऑस्टिनला आले तेव्हा पहिले तीन आठवडे नुसते बाल्कनीत बसून होते. शनिवारी मी त्यांना मॉलमध्ये न्यायचे. ते बाक शोधून बसायचे आणि म्हणायचे, "तुम्ही या जाऊन." २६ वर्षं फौजेत काढलेला आणि नंतर साताऱ्याजवळ शेती करणारा माणूस, त्याला मी दुकानं दाखवत होते. तुम्ही आमच्याकडे चहाला आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "सुभेदार, पहाटे किती वाजता उठता?" बाबा म्हणाले, "साडेचारला." तुम्ही लगेच माझ्याकडे वळलात, "यांना फ्रेडरिक्सबर्गला न्यायला हवं. थांब, मीच येतो." सॅन अँटोनियोहून तुम्ही आमच्यासाठी गाडी काढलीत, काकूंच्या धपाट्यांचा डबा घेऊन. जर्मन सॉसेजच्या गावात आईचा गुरुवार त्या डब्यानेच सांभाळला.

एन्चँटेड रॉकचं आरक्षण तुम्ही आधीच करून ठेवलं होतंत. गर्दी झाली की फाटक बंद होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. जूनचं ऊन चढायच्या आत वर पोचायचं म्हणून पार्क उघडल्या उघडल्या आपण दारात हजर. गुलाबी ग्रॅनाइटचा तो घुमट आजूबाजूच्या जमिनीपासून ४२५ फूट वर उठलेला, आणि दगड सुमारे शंभर कोटी वर्षांचा. पायऱ्या नाहीत, उघड्या खडकावरून चालत जायचं. मी बाबांचा हात धरायला गेले तर तुम्ही मला मागे ओढलंत. "जाऊ दे त्यांना त्यांच्या चालीने." बाबा आपल्या सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचले. तिथे उभं राहून त्यांनी पहिल्यांदा मला हाक मारून काही दाखवलं: कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटलेले खडकाचे थर, आणि खळग्यांतल्या मूठभर मातीत उगवलेलं गवत.

गावात तुम्ही त्यांना मुख्य रस्ता दाखवलात. १८४६ मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं हे गाव. रस्ता इतका रुंद का, तर बैल जुंपलेल्या गाड्या वळवता याव्यात म्हणून. बाबांनी पावलं टाकून रुंदी मोजलीच! रविवारच्या घरांपाशी मात्र आईच जास्त रमली. लांबच्या शेतांवरची कुटुंबं शनिवारी बाजाराला यायची, रात्री त्या इवल्याशा घरात राहायची आणि रविवारी चर्च करून परतायची. तिच्या आजोळी बाजाराच्या दिवशी ओसरीवर उतरणारी माणसं तिला आठवली. आडव्या रस्त्यांच्या नावांची पहिली अक्षरं एका बाजूला जोडली की 'ऑल वेलकम' आणि दुसऱ्या बाजूला 'कम बॅक' होतं, हे तुम्ही माझ्या मुलाकडून शोधून घेतलंत. त्या नादात त्याला चालण्याचा कंटाळाही आला नाही.

पण तुमचे खरे आभार पॅसिफिक युद्धाच्या संग्रहालयासाठी. समुद्रापासून इतक्या लांब हे संग्रहालय का, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार होतं: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे प्रमुख असलेले ॲडमिरल चेस्टर निमित्झ इथेच १८८५ मध्ये जन्मले. पर्ल हार्बरच्या हल्ल्यातली ती छोटी जपानी पाणबुडी पाहताना बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. तुम्हीही बोलला नाहीत. मग तुम्ही त्यांना मागच्या शांतता उद्यानात नेलंत. निमित्झना जपानच्या ॲडमिरल तोगोंबद्दल आदर होता. तोगोंच्या बागेच्या धर्तीवरची ही बाग जपानी लोकांनी १९७६ मध्ये भेट दिली. शत्रूच्या सेनापतीच्या गावात. पाण्याकाठी बसून बाबा तुम्हाला त्यांच्या सीमेवरच्या पोस्टिंगबद्दल सांगू लागले. बर्फात गेलेल्या सोबत्याचं नाव मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी मागे दोन पावलांवर उभी होते. तुम्ही मध्ये एकही प्रश्न विचारला नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत. काका, ते ऐकून घेणं मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी स्टोनवॉलच्या रस्त्यावरचे पीच. लवकरच्या पीचचा गर बाठ्याला चिकटून असतो, जूनच्या मध्यानंतरचे फोडले की बाठा सुटा होतो, हे तुम्ही सांगितलंत आणि बाबांनी तिथल्या तिथे खिशातल्या सुरीने खात्री करून घेतली. संध्याकाळी जुन्या रेल्वे बोगद्यातून वटवाघळं बाहेर पडली. काही उन्हाळ्यांत तिथे तीस लाखांपर्यंत असतात म्हणे. आकाशात धुराचा लोट वळावा तसा थवा वळत गेला. ती कणसातल्या अळीचे पतंग खातात हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मग ही तर शेतकऱ्याची माणसं!"

बाबा आता साताऱ्याला परतलेत. दर रविवारच्या फोनवर माझ्याआधी तुमची चौकशी होते. तुम्ही डिसेंबरमध्ये भारतात येणार हे मी त्यांना सांगितलंय. त्यांचा निरोप जसाच्या तसा देते: "काकांना म्हणावं, अजिंक्यताऱ्यावर जायचंय. पहाटे पाचला तयार राहा. डबा आणि पाणी मी आणतो."

काकूंना नमस्कार.

तुमची,
ऑस्टिनची पुतणी