पेठला गेलेल्या ताईस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

सोमवारी सीबीएसवरून तुझी बस सुटल्यावर घरी आलो, तर आईने तुझ्यासाठी काढून ठेवलेली बॅटरी दिवाणावरच राहिलेली दिसली. नाशिक शहरात शाळा मिळत असताना तू पेठ तालुक्यातील आश्रमशाळा मागून घेतलीस, हे मी गल्लीत दोघातिघांना आवर्जून सांगितले आहे, त्यामुळे हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. जेवणाचे काय, पाणी कुठून येते, एवढेच विचारायचे ठरवले होते; पण खोलीमागे दगडांची रास आणि गोवऱ्यांचा ढीग असल्याचे तू फोनवर सांगितलेस आणि माझे मन तिथेच अडकून बसले.

विंचू दिवसा अशाच आडोशाला दडतो आणि रात्री बाहेर पडतो. ती रास खोलीपासून दूर हलवून घे, अंथरूण झाडल्याशिवाय निजू नकोस, खाट भिंतीला टेकवू नकोस, चपला-बूट झटकूनच पायात घाल, आणि मुलींना सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहायला शिकव. तू स्वतः शिक्षिका आहेस आणि मी तुलाच धडा देत बसलो, याचा राग मानू नकोस.

पण माझ्या धाकट्या भावाचे तुला कधी नीट सांगितले नाही. १९७२च्या दुष्काळात सिन्नरकडे खडी फोडण्याच्या कामावर आम्ही सगळेच जात होतो, आणि तिथे दगड उचलताना त्याला लाल विंचू डसला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तो फारसा रडलाही नाही, म्हणून विष चढले नाही असे आम्हाला वाटले. भगत आला, त्याने निंबाचा पाला फिरवला, मंत्र म्हटले. तुझी आजी त्याचा घाम पदराने पुसत राहिली, पण घाम थांबेना, अंगरखा भिजून गेला आणि हातपाय मात्र गार पडत गेले. कंदील माझ्या हातात होता. पहाटे त्याच्या तोंडाला फेस आला.

वेदना कमी म्हणजे विष कमी, ही समजूत किती घातक आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. काळ्या इंगळीच्या दंशाने माणूस रात्रभर तळमळतो, तरी बहुधा वाचतो. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते, फुप्फुसांत पाणी भरते, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत अधिक असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या विषावर वापरून दाखवली, आणि जिथे शंभरातले चाळीस रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी मी देव्हाऱ्याजवळच्या धाकट्याच्या फोटोसमोर बराच वेळ बसून होतो. आता मुंबईच्या हाफकिनची विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही आहे. एवढे सगळे असूनही वाट पाहण्यातच मुले जातात.

म्हणून पुन्हा तेच सांगतो, आणि पुन्हा सांगितल्याबद्दल क्षमाही मागतो. एखाद्या मुलीला दंश झाला तर जखमेला चिरा देऊ देऊ नकोस, दोरी आवळू देऊ नकोस, दंशाची वेळ लिहून ठेव आणि घाम, उलटी, गार हातपाय दिसण्याची वाट न पाहता १०८ला फोन लाव. भगताला मान देणारी माणसे तिथे असतील. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांनाही गाडीत बरोबर घे, पण गाडी थांबवू नकोस. तुझ्याकडे तेवढा धीर आहे, हे मी आईच्या आजारपणात पाहिले आहे.

बॅटरी उद्याच्या पेठच्या गाडीने पाठवतो. तिच्यासोबत नोटा पारखण्याचा छोटा निळा दिवाही ठेवला आहे. अंधारात त्याच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो, तेव्हा निजण्याआधी खोलीचे कोपरे त्याने पाहत जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन शिल्लक आहे का, हे याच आठवड्यात स्वतः जाऊन विचार आणि मला कळव.

तुझे,
अण्णा